लाव्ह्याची काच, चिखलाची वही

'माइनक्राफ्ट' खेळताय? मग ऑब्सिडियन तुम्हाला माहीतच असणार. लाव्ह्यावर पाणी पडलं की तयार होणारा तो काळाकुट्ट ठोकळा फोडून मिळवायला किमान डायमंड पिकॅक्स तरी लागते. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाले त्याला ड्रॅगनग्लास म्हणून ओळखतात. पण खरा ऑब्सिडियन फरशीवर आपटला तर चक्क फुटतो! त्याचा कठीणपणा मोहस् मापनावर 5 ते 5.5, म्हणजे साधारण खिडकीच्या काचेइतका. कारण तो आहेच मुळी काच.

आता त्याच्या शेजारी शेल ठेवून बघा. करडा, मळकट, कुणी सेल्फीही काढणार नाही असा.

घाई आणि निवांतपणा

सिलिका 70 टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त असलेला लाव्हा चिकट, घट्ट असतो. तो झटपट थंड झाला, की अणूंना रांगेत उभं राहायला वेळच मिळत नाही. स्फटिक बनतच नाहीत आणि तयार होतो ऑब्सिडियन. शेलचं सगळं उलटं. पाण्यासोबत आलेला बारीक गाळ तळ्याच्या, समुद्राच्या तळाशी थरावर थर बसत जातो. वरच्या थरांचं वजन खालच्यातलं पाणी पिळून काढतं आणि हजारो-लाखो वर्षांनी चिखलाचा दगड होतो.

म्हणूनच दोघं फुटतातही वेगळे. ऑब्सिडियनचा तुकडा उडाला की शिंपल्यासारखा गुळगुळीत, वक्र खड्डा पडतो आणि कडेला भयंकर धार येते. ॲझ्टेक योद्धे लाकडी शस्त्रांना हीच पाती बसवायचे. शेलचे मात्र वहीची पानं सुटावीत तसे पापुद्रे निघतात.

कोण काय जपतं?

त्या पानांमध्ये काय काय सापडावं! कॅनडातल्या बर्जेस शेलमध्ये 1909 साली चार्ल्स वॉलकॉट यांना सुमारे 50 कोटी वर्षांपूर्वीच्या सागरी जीवांचे ठसे मिळाले. हाडं नसलेल्या मऊ शरीराच्या जीवांचेसुद्धा. त्यातल्या ओपाबिनियाला तर पाच डोळे होते.

ऑब्सिडियनमध्ये असे जीवाश्म मिळत नाहीत. तो माणसांची गोष्ट सांगतो. प्रत्येक ज्वालामुखीच्या काचेत सूक्ष्म घटकांचं प्रमाण वेगळं असतं, जणू बोटांचे ठसेच. ग्रीसच्या फ्रांख्थी गुहेतला ऑब्सिडियन मेलोस बेटावरचा निघाला. म्हणजे 10 हजारांहून जास्त वर्षांपूर्वी माणसं समुद्र ओलांडत होती. त्यांच्या होड्या उरल्या नाहीत, दगडाचे तुकडे उरले.

मग सह्याद्रीत का नाही?

आपल्याकडे एवढा लाव्हा वाहिला, मग ऑब्सिडियन कुठाय? आपला बसाल्ट वेगळ्या लाव्ह्याचा. त्यात सिलिका साधारण 50 टक्केच. तो पातळ, दूरवर पसरणारा. जाड थर सावकाश निवले आणि त्यात बारीक स्फटिक तयार झाले. शिवाय काच कायम टिकत नाही, काळाच्या ओघात तिच्यात स्फटिक वाढू लागतात. दख्खनचा लाव्हा तर साडेसहा कोटी वर्षांहून जुना. शेल मात्र महाराष्ट्रात आहे. चंद्रपूरच्या खाणींत तो कोळशाच्या सोबतीनं सापडतो.

तेव्हा पुढच्या ट्रेकला दगड दिसला, की नुसता रंग बघू नका. त्याचा फुटलेला भाग बघा. बारीक चमकते कण दिसतात? थर सुटतात? ओला केल्यावर मातीचा वास येतो? आणि ऑनलाइन 'अस्सल ऑब्सिडियन'चं ब्रेसलेट घेणार असाल, तर एवढं लक्षात ठेवा: काळी कारखानी काचही फुटल्यावर अगदी तशीच दिसते. नुसत्या फोटोवर पैसे टाकू नका!