कायदा किनाऱ्याला कधी लागतो?

महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१चा. मासेमारीवर निर्बंध घालताना शासनाने पारंपरिक नौका वापरणाऱ्यांच्या हिताचे रक्षण विशेषत्वाने लक्षात घ्यावे, असे हा कायदाच सांगतो. चार दशके उलटली, तरी मालवणचे रापणकर आणि पालघरचे डोलवाले अजून एकच मागणी घेऊन मोर्चे काढतात : आहे तो कायदा पाळा. धोरण कागदावरून पाण्यात उतरताना नेमके कोठे अडते, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

या कायद्याचे मूळ गोव्यात शोधावे लागते. स्वातंत्र्योत्तर काळात सरकारने कर्ज आणि अनुदान देऊन यांत्रिक ट्रॉलर वाढवले. निर्यातीच्या कोळंबीसाठी हे ट्रॉलर किनाऱ्यालगतचा तळ खरवडू लागले आणि रांपणीचे जाळे रिकामे येऊ लागले. १९७०च्या दशकात माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रांपणकार रस्त्यावर उतरले. देशाच्या इतर किनाऱ्यांवरही असेच संघर्ष पेटले होते. त्यांतून केंद्राने नमुना विधेयक तयार केले. केरळ आणि गोव्याने १९८०मध्ये, तर महाराष्ट्राने १९८१मध्ये कायदा केला. म्हणजे ज्या सरकारने ट्रॉलर आणले, त्याच सरकारवर त्यांना आवरण्याची जबाबदारी आली. हा अंतर्विरोध पुढे कधीच सुटला नाही.

पहिली अडचण हद्दीची. आपल्याकडे ट्रॉलरबंदीची रेषा पाण्याच्या खोलीवर ठरते : भागाप्रमाणे पाच ते दहा वाव. खोली प्रत्येक ठिकाणी किनाऱ्यापासून वेगळ्या अंतरावर मिळते. ट्रॉलर रेषेच्या आत होता की बाहेर, हे सिद्ध करायचे तर त्या क्षणी त्या जागी गस्तीनौका हवी. दुसरी रेषा १२ सागरी मैलांची, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरची. तिच्या आत राज्याचा अधिकार, बाहेर केंद्राचा. माशांचे थवे अर्थातच ही रेषा मानत नाहीत. तामिळनाडूने घातलेल्या पर्ससीनबंदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३मध्ये अंतरिम आदेश देऊन १२ मैलांपलीकडे आठवड्यातून दोन दिवस मासेमारीला मुभा दिली. पण बाहेर पकडलेली मासळीही राज्याच्या पाण्यातूनच बंदरात येते. ती बाहेरची की आतली, हे मासळीकडे पाहून कोण सांगणार?

पर्ससीनचेच उदाहरण पुढे नेऊ. बांगडा किंवा तारलीच्या थव्याभोवती हे जाळे गोल टाकतात आणि बटव्याची दोरी ओढावी तशी त्याची तळाची दोरी आवळतात. अख्खा थवा एका फेरीत हाती लागतो. रापणीला मात्र थवा आपणहून किनाऱ्याशी येण्याची वाट पाहावी लागते. ती ओढायला अनेक घरांचे हात लागतात आणि मासळीचे वाटेही तेवढ्याच घरांत जातात. त्यामुळे थवा खोल पाण्यातच उचलला गेला, की नुकसान साऱ्या वाडीचे होते. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६च्या आदेशाने राज्याने नवे पर्ससीन परवाने थांबवले, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला आणि परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२वर आणण्याचे ठरवले. आदेश स्पष्ट होता. परंतु परवाना कमी झाला म्हणून नौका कमी होत नाही. नौकेवर बँकेचे कर्ज असते, खलाशांचा आगाऊ पगार दिलेला असतो. त्यासाठी पर्यायी व्यवस्था नसेल, तर बंदी बेकायदा मासेमारीची संख्या तेवढी वाढवते.

दुसरी अडचण पुराव्याची आणि वेळेची. पूर्वी अशी प्रकरणे तहसीलदारांपुढे चालत. महसुलाच्या कामांत गुंतलेल्या त्या कार्यालयात मासेमारीचे प्रकरण मागे पडणे स्वाभाविक होते. २०२१च्या दुरुस्तीने हे अधिकार मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे आले आणि दंडही वाढले. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७मध्येच बंदी घातली होती. आता तिला राज्यात ५ ते २० लाख रुपये दंड आहे. जानेवारी २०२५पासून ड्रोनने पाळत सुरू झाली. या सुधारणा खऱ्या आहेत. मात्र ड्रोन चित्र देतो, नौका अडवत नाही. पुढचे काम परवाना अधिकारी, बंदर आणि लिलावाची जागा यांनाच करायचे असते.

तिसरी बाजू अवघड आहे, कारण ती छोट्या मच्छीमाराकडेही बोट दाखवते. सप्टेंबर २०२३मध्ये पापलेट हा राज्यमासा झाला. सातपाटीच्या मच्छीमार संस्थांनी त्यासाठी आग्रह धरला होता. पाठोपाठ किमान आकारमानाचे नियम आले आणि पापलेटसाठी १३५ मिलिमीटर ही मर्यादा ठरली. पण पापलेटची पिल्ले डोलीतही सापडतात. भरतीओहोटीच्या ओढीवर चालणारी डोल लहानमोठे निवडत नाही, आणि जाळ्यातून वर आलेले पिल्लू बहुधा मेलेलेच असते. म्हणून येथे दंडापेक्षा जाळ्याचा आस आणि डोल कोणत्या महिन्यांत लावायची, याचा निर्णय महत्त्वाचा. तो निर्णय संस्थेने घेतला तर पाळला जातो, कारण शेजारचाही पाळतो याची खात्री असते.

अशी समज या समाजाला नवी नाही. सरकारी पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते, तर कोळ्यांचा समुद्र परंपरेने नारळी पौर्णिमेला उघडतो. २०२३मध्ये ही पौर्णिमा ३० ऑगस्टला होती. जुनी रीत त्या वर्षी सरकारी नियमापेक्षा महिनाभर कडक होती! कर्जाच्या हप्त्यांनी आणि स्पर्धेने ती मोडत आणली.

आणखी एक मोजणी राहून जाते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या २०१०च्या गणनेत राज्यात मच्छीमारांची ४५६ गावे आणि ८१,४९२ कुटुंबे नोंदली गेली. परवाना मात्र नौकेला मिळतो आणि डिझेलचा परतावा नौकामालकाला. मासळी सुकवणारी, पाटी घेऊन बाजारात बसणारी बाई या नोंदीत नसते. एप्रिल २०२५मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, तेव्हा सवलतींची दारे उघडली. पण ज्याच्या नावावर काहीच नाही, त्याने किंवा तिने त्या दारातून कोणता कागद घेऊन जायचे, हा प्रश्न उरतोच.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४मध्ये छोट्या मच्छीमारांसाठी स्वैच्छिक मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. त्यांसाठी वर्षानुवर्षे झटलेल्या भारतीय कार्यकर्त्या चंद्रिका शर्मा त्याच वर्षी मलेशियाच्या बेपत्ता विमानात होत्या. तत्त्वे त्यांच्या स्मृतीस अर्पण झाली. नियम करताना मच्छीमार स्त्री-पुरुषांना निर्णयात बसवा, हा त्यांचा गाभा आहे. आपल्याकडे त्याचा अर्थ साधा निघतो. समुद्रावर पहारा ठेवणे कठीण आहे, पण मासळी उतरते त्या जागा मोजक्या आहेत. तेथे मोजपट्टी, परवान्यांची यादी आणि लिलावाची वही गावच्या संस्थेच्या हाती दिली, त्या संस्थेत विकणाऱ्या बायकाही बसल्या आणि संस्थेने नोंदवलेल्या तक्रारीवर ठरलेल्या मुदतीत निकाल लागला, तर १९८१चा कायदा निदान धक्क्यापर्यंत पोहोचेल.