अंगावरच्या दुधातले उपयोगी जिवाणू

"ताई, आईच्या दुधात जंतू असतात म्हणे. मग बाळाला पाजायचं की नाही?" चाकणजवळ खराबवाडीत फिरताना एका बाळंतिणीने मला विचारले. कुणीतरी मोबाइलवर अर्धवट वाचून तिला घाबरवले होते. जंतू असतात हे खरे. पण निरोगी आईच्या दुधातले हे जंतू बाळाच्या कामाचे असतात.

आम्हाला नर्सिंगला आईचे दूध निर्जंतुक असते असेच शिकवले होते. 2003 मध्ये स्पेनमधल्या माद्रिदच्या संशोधकांनी निरोगी आयांच्या दुधातून लॅक्टोबॅसिलस जिवाणू वेगळे काढून दाखवले. आपल्या दह्यातल्या जिवाणूंच्याच कुळातले हे! काही आईच्या त्वचेवरून दुधात येतात, काही पिताना बाळाच्या तोंडातून.

दुधात त्यांचे खाणेही असते. लॅक्टोज आणि स्निग्धांश सोडले तर आईच्या दुधात सगळ्यात जास्त असतात त्या काही खास साखरा, आणि गंमत म्हणजे बाळाला त्या पचतच नाहीत. त्या खातात बाळाच्या आतड्यातले बिफिडोबॅक्टेरियम जिवाणू. ते त्यातून आम्ल तयार करतात, आणि आतड्यात आंबटपणा असला की हगवणीचे जंतू सहज रुजत नाहीत. पिण्याचे पाणी पिंपात साठवणाऱ्या वस्तीत याचे मोल मी वेगळे सांगायला नको. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या पिवळ्या चिकात या साखरा सर्वांत दाट असतात. तरी अजून काही घरांत चीक पिळून टाकतात आणि मध चाटवतात. आजीबाई, मध, साखरपाणी, बाळगुटी काही नको. सहा महिने पाणीसुद्धा नको.

मग मेडिकलमधले प्रोबायोटिक थेंब? ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांवर झालेला अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. एक ठरावीक जिवाणू, त्याच्या खाण्यासह, सात दिवस दिल्यावर जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून 40 टक्क्यांनी कमी झाले. पण ती बाळे अंगावर पिणारी होती. दुकानातली कोणतीही बाटली म्हणजे ते औषध नव्हे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

आपल्या पट्ट्यात दूध तुटते ते शिफ्टमुळे. कंत्राटी बाई दोन महिन्यांत लाइनवर परत, आणि घरात पावडरचा डबा. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला, पुढच्या वर्षी कायदा झाला. 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे भरपगारी रजा आहे, 50 किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे पाळणाघरही. ईएसआय कापला जात असेल तर रजेचे पैसे तिथून मिळतात. ठेकेदार "तुला लागू नाही" म्हणाला तर गप्प बसू नका. पगारपावत्या जपा, आणि लेखी विचारा.

कामावर जावेच लागले तर हात धुऊन दूध पिळून झाकणाच्या स्वच्छ भांड्यात ठेवा. फ्रिजमध्ये ते चार दिवस टिकते, बाहेर 25 अंशांपर्यंत चार तास. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत तेवढाही भरवसा धरू नका. ते उकळू नका, जिवाणू मरतात. भांडे कोमट पाण्यात ठेवा आणि वाटी-चमच्याने पाजा. पाळीहून घरी आल्यावर मात्र आधी बाळाला अंगावर घ्या, भांड्यातले नंतर.