जाड पाईप घेतला, तरी तो फुटतो का?

जुन्या गाडीच्या ऑइल कूलरचा पाईप गेला की भंडारा, तुमसर, साकोलीकडे पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘पार्ट बंद झाला, नागपूरला बघा.’ नागपूरलाही मिळाला नाही की दुसरं उत्तर येतं: ‘आता गाडी काढून टाका.’ पहिलं उत्तर बरेचदा खरं असतं, दुसरं क्वचितच. पंधरा वर्षं झाली म्हणून एमएच ३६ ची खासगी गाडी आपोआप भंगारात जात नाही. आरटीओत तपासणी होऊन नोंदणीचं नूतनीकरण होतं. आणि पाईप तर बनवून मिळतो. प्रश्न आहे तो कसला बनवायचा याचा, आणि गफलत नेमकी तिथेच होते.

‘गडेगावला लेलँडचा कारखाना आहे, तिथून एखादा मिळेल,’ असंही कुणी सुचवतं. तो कारखाना १९८२ पासून आहे खरा, पण तिथे गिअरबॉक्स बनतात. सुट्या भागांसाठी जावं लागतं ते विक्रेत्याकडेच.

आधी आपल्या गाडीला हे पाईप आहेत का, ते पाहावं. अनेक ट्रकांत ऑइल कूलर इंजिनाला चिकटून, पाण्याच्या वाटेतच बसवलेला असतो. तिथे रेडिएटरमध्ये दुधाळ तवंग दिसला तर तो वेगळा आजार. बाहेरून जाणारे पाईप दिसतात ते पल्सर २२० सारख्या दुचाकीला, बॅकहोच्या ट्रान्समिशनला, धान कापणाऱ्या हार्वेस्टरच्या हायड्रॉलिकला आणि काही जुन्या जीपगाड्यांना.

सर्वांत पक्का गैरसमज म्हणजे ‘हायड्रॉलिकचा पाईप लावा, आयुष्यभर बघायला नको.’ अर्ध्या इंचाचा एका जाळीचा हायड्रॉलिक पाईप, ज्यावर ‘१०० आर १’ छापलेलं असतं, साधारण १६० बार दाब झेलतो. इंजिन ऑइलचा दाब गरम इंजिनावर जेमतेम तीन ते सहा बार. म्हणजे दाबाच्या हिशेबाने हा पाईप किमान पंचवीसपट मजबूत. पण तो दाबाने मरत नाही, उष्णतेने मरतो. या जातीच्या साध्या रबराची मर्यादा सुमारे १०० अंश असते आणि मे महिन्यात, बाहेर पारा ४५ च्या आसपास असताना, चढावर ओझं ओढणाऱ्या इंजिनाचं ऑइल सहज ११०-१२० अंशांवर जातं. मग आतलं रबर कडक होतं, त्याला भेगा पडतात, बाहेरून मात्र पाईप नवाकोराच दिसतो. हार्वेस्टरच्या हायड्रॉलिक ऑइलसाठी हाच पाईप योग्य, कारण ते ऑइल इतकं तापू दिलंच जात नाही. इंजिनासाठी मागावा तो गरम ऑइलचा, १५० अंशांचा पाईप. किंवा आतून टेफ्लॉन आणि बाहेरून स्टीलची जाळी असलेला ‘आर १४’, जो २०० अंशही सहन करतो. महाग पडतो, पण इंजिन उतरवण्यापेक्षा स्वस्तच.

जाड पाईपची दुसरी अडचण म्हणजे तो वळत नाही. अर्ध्या इंचाच्या आर १ ला सुमारे १८ सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा लहान वळण देऊ नये. मूळ पाईप कोपऱ्यात काटकोनात जात असेल तर तिथे वाकडं लोखंडी टोकच हवं. म्हणून जुना पाईप फेकू नये. टोकं सहसा शाबूत असतात, सडतं ते रबर. बाजारात तशी टोकं मिळाली नाहीत तर जुनं टोक कापून नव्या निप्पलला ब्रेझिंगने जोडता येतं.

रेडिएटरचा पाईप लावून वर दोन क्लिपा आवळणं हा तर उघड आत्मघात. ते रबर पाण्यासाठी केलेलं असतं. खनिज तेलात ते फुगून मऊ पडतं आणि निप्पलवरून निसटतं. ऑइलची बत्ती लागते तेव्हा चेंबर जवळजवळ रिकामं झालेलं असतं आणि तेच ऑइल सायलेन्सरच्या तापलेल्या पाईपवर उडालं तर गाडी पेटू शकते.

‘आटे बसले म्हणजे जुळले’ हेही खोटं. ३/८ बीएसपीचा व्यास १६.६६ मिलिमीटर, मेट्रिक एम १६ चा १६. सैल फिरतो, थोडा बसतोही आणि मग कुणीतरी टेफ्लॉन टेप गुंडाळतो. कोनावर किंवा वॉशरवर सील होणाऱ्या जोडात टेपचा काही उपयोग नाही; उलट तुटलेला तुकडा ऑइलच्या वाटेत अडकतो. तांब्याचा किंवा डाऊटी वॉशर नवा घालावा.

कुठल्या तरी गोदामात पडलेला ‘कंपनीचा ओरिजिनल’ पाईप सापडला म्हणून हुरळून जाऊ नये. रबर न वापरताही म्हातारं होतं. पाईपवर सहसा उत्पादनाची तिमाही आणि वर्ष छापलेलं असतं, दहा वर्षांवरचा माल घेऊ नये.

कूलरच काढून टाकावा का? दोन्ही तोंडं आखूड पाईपने एकमेकांना जोडली तर ऑइल फिरत राहतं, फक्त थंड होत नाही. हळू चालवत घर गाठण्यापुरतं ठीक. पण दोन्ही तोंडांना प्लग मारले आणि त्या गाडीत सगळं ऑइल कूलरमधूनच बेअरिंगकडे जात असेल, तर इंजिन काही मिनिटांत जाम होईल.

दुकानात पाईप चकतीने कापतात तेव्हा रबराचा आणि तारेचा काळा भुसा आत बसतो. टोकं प्रेस करण्याआधी समोर उभं राहून हवा मारून घ्यावी. हाच भुसा पुढे बेअरिंग खातो. पाईप बसवल्यावर जुन्या डिझेल गाडीत स्टॉपची तार ओढून धरावी आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारावा, रिकामा कूलर भरू द्यावा. मग गाडी सुरू करून बंद करावी, डिपस्टिक पाहावी. ऑइल कमी झालेलं असतंच. गाडी गरम झाल्यावर टोकाच्या प्रेस केलेल्या कॉलरपाशी कागद टेकवून पाहावा. ओला झाला तर तीच कॉलर पुन्हा प्रेस करून घेऊ नये, टोक नव्यानेच बसवावं लागतं.