नाके गेले, धनादेश आले

उद्योग यावेत म्हणून महाराष्ट्राने १९६२ मध्ये एमआयडीसी काढली. भूखंड दिले, पाणी दिले, विक्रीकरात सवलती दिल्या. शहराच्या वेशीवर मात्र जकात नाका होता तसाच राहिला. कारखानदाराला आवतण द्यायचे आणि त्याचाच कच्चा माल दारात अडवायचा, असा हा कारभार कित्येक वर्षे चालला.

जकात वसूल करायची तर ट्रक थांबवावाच लागे. मग बिलांची तपासणी, मालाच्या किमतीवरून हुज्जत, पावती आणि अर्थातच चिरीमिरी. मुंबईच्या मुलुंड, दहिसर, मानखुर्द नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागत. माझ्या मते धंद्याला करापेक्षा हा खोळंबाच जास्त महागात पडला. दर निदान आधी ठाऊक असे.

नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली. महापालिकांची राहिली, कारण खरा पैसा तिथे होता. पिंपरी-चिंचवडची श्रीमंती याच पैशावर उभी होती. गुजरातने २००७ मध्ये आपल्या महापालिकांची जकातही काढून टाकली. आपण २०१० पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आणला. यात नाका नाही, व्यापाऱ्याने आपला हिशेब आपणच करून भरायचा. कल्पना शहाणपणाचीच होती. पण नाक्यावरच्या कारकुनापेक्षा दुकानात येऊन वह्या उघडणारा पालिकेचा अधिकारी व्यापाऱ्यांना अधिक नकोसा वाटला आणि २०१३ च्या उन्हाळ्यात बाजारपेठा बंद पडल्या. सरकारने अखेर माघार घेतली. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींखालच्या उलाढालीला हा कर माफ झाला. मुंबईत मात्र जकात चालूच होती. ती थेट १ जुलै २०१७ ला, जीएसटीबरोबर थांबली.

ट्रक सुटले, हे चांगलेच झाले. पण नाक्यावरचा पैसा शहराच्या हक्काचा होता, त्यासाठी मंत्रालयात हात पसरावा लागत नसे. आता राज्य सरकार भरपाई देते: २०१६-१७ चे उत्पन्न पायाभूत धरून दरसाल ८ टक्के वाढ. रक्कम कायद्याने ठरलेली असली, तरी धनादेशावर सही राज्याचीच. उद्योगांची सोय झाली, तिची किंमत शहरांच्या स्वायत्ततेने मोजली. जल्लोषात हे फारसे कुणी बोलले नाही. मुंबई महापालिकेच्या हाती स्वतःचा मोठा कर म्हणून मालमत्ता कर उरला होता. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना तोही माफ केला.