खिशातले टपाल (लेखांक 14) : कोण कितवा?

गेल्या खेपेस निरोप वाचल्याच्या निळ्या खुणांचे प्रकरण हातावेगळे करताना, समूहात धाडलेल्या निरोपाचे कुलूप उघडणाऱ्या किल्ल्यांची वाटणी कशी होते ते या खेपेस सांगण्याचे मी कबूल केले होते, आणि तो मजकूर अर्धामुर्धा लिहूनही झाला होता. परंतु मध्यंतरी मिरजेच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले, आणि त्यात त्यांनी विचारलेला प्रश्न, वरकरणी क्षुल्लक असला तरी, माझ्या फार दिवसांच्या आवडीच्या एका आडवाटेवर नेणारा निघाल्यामुळे, किल्ल्यांचा विषय तूर्त तहकूब करतो. त्या लिहितात की, व्हॉट्सअ‍ॅपवर एखादा मजकूर पुढे धाडू गेल्यास माथ्यावर जी नावे दिसतात त्यांत गॅसचे सिलिंडर पोचवणारा, सोसायटीचे चिटणीस आणि ज्यांच्याशी आता केवळ कोर्टाच्या तारखांपुरतेच बोलणे उरले आहे असे एक चुलतदीर यांना अग्रस्थान मिळालेले असून, इंदूरला दिलेली त्यांची सख्खी धाकटी बहीण, जिच्याशी दर रविवारी तास-तास बोलणे होते, ती मात्र त्या पंक्तीत कोठेच नाही; तेव्हा माझी जवळची माणसे कोणती हे या यंत्राला कोणी शिकवले, असा त्यांचा सवाल आहे.

प्रथम या शंकेचा निकाल लावू. व्हॉट्सअ‍ॅपच्या मुख्य पानावरील क्रम हा निव्वळ काळाचा क्रम आहे : ज्याचा निरोप शेवटी आला तो वर, मग तो जिवलग असो वा कर्ज घ्या म्हणून गळी पडणारी एखादी पेढी असो. काळाच्या या हुकमतीला अपवाद एवढाच की, आपल्या पसंतीचे संवाद पिन करून शिरोभागी बसवण्याची मुभा 2017 सालापासून मिळाली, आणि तीही प्रथम तिघांपुरतीच. निरोप पुढे धाडताना उघडणाऱ्या यादीच्या माथ्यावरील मंडळी मात्र वारंवारतेच्या हिशेबाने निवडलेली असतात, आणि हा हिशेब त्या अ‍ॅपच्या चार भिंतींच्या आत जे घडते तेवढ्याचाच होतो. रविवारचे संभाषण साध्या टेलिफोनवर होत असेल, तर अ‍ॅपच्या लेखी ती बहीण मौनव्रत धरून बसलेली आहे. उलट 'सिलिंडर पाठवा', 'उद्या घरी कोणी नाही', 'पैसे पाठवले' अशा तुटक निरोपांनी गॅसवाल्याचे खाते मात्र भरगच्च झालेले आहे.

असल्या हिशेबाची रीत प्रत्यक्षात कशी असते हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने टेलिग्रामच्या दप्तरात डोकवावे, कारण प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी प्रसिद्ध केलेल्या आपल्या कागदपत्रांत या संस्थेने ते सूत्र उघड मांडून ठेवले आहे, आणि ते इतके आटोपशीर आहे की मी ते अधूनमधून निव्वळ आनंदासाठी वाचतो. व्यक्ती, समूह, वाहिन्या, बॉट, फोन अशी निरनिराळी खाती असून, एखाद्याशी व्यवहार झाला की त्याच्या खाती काही गुण जमा होतात. पण हे गुण कायमचे नसतात, काळ लोटेल तसे ते झिजतात, आणि त्या झिजेची मुदत 24,19,200 सेकंद, म्हणजे बरोबर 28 दिवस, अशी ठरवलेली आहे. या मुदतीत गुणांचे वजन सुमारे 37 टक्क्यांवर येते. निम्मे व्हावयास एकोणीस-वीस दिवस पुरतात. तीन महिन्यांनी सुमारे पंचविसावा हिस्सा उरतो. आणि वर्षाने तर त्याच निरोपाचे वजन आजच्या निरोपाच्या साडेचार लाखाव्या हिश्शाइतके होते. म्हणजे गेल्या वर्षी याच दिवसांत थोरल्या भावाला, तो इस्पितळात असताना, रात्रंदिवस हजार निरोप धाडले असले, तरी 'उद्या दूध नको' या गवळ्याला आज धाडलेल्या एका निरोपापुढे ते सारे मिळून नगण्य ठरतात. यातली कारागिरीची गोष्ट अशी की, सर्व जुन्या नोंदी रोज खोडून कमी करीत बसण्याचा खटाटोप यंत्र करीतच नाही. ते नव्या नोंदीचेच वजन क्षणाक्षणाने वाढवीत नेते, त्यामुळे परस्परांतील प्रमाण हवे तसे राहते आणि मागच्या पानांना हात लावावा लागत नाही.

ताजेपणाला एवढे मोल का, असे कोणी विचारील, तर त्यालाही आधार आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील एरिक गिल्बर्ट व करी कराहालिओस यांनी 2009 साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात 35 माणसांना फेसबुकवरील त्यांच्या दोन हजारांवर स्नेहसंबंधांचे बळ स्वतः सांगावयास लावून, ते फेसबुकवरील खाणाखुणांवरून ओळखता येते का याची परीक्षा केली होती. आणि ज्या अनेक खुणा त्यांनी तपासल्या त्यांत शेवटचे बोलणे होऊन किती दिवस झाले ही खूण सर्वांत कामाची ठरली. हिशेब पुष्कळ अंशी जमला, परंतु जेथे चुकला ती स्थळे मला अधिक बोलकी वाटतात : एका व्यक्तीने सांगितले की, जुन्या प्रेमसंबंधातील ज्या माणसाशी सहाएक वर्षांत धड बोलणे झालेले नाही, तो अजूनही आपल्याला मोलाचा आहे. 28 दिवसांच्या मुदतीत हे बसणार कसे?

तरीही एवढ्यावरून या हिशेबाला दोष देण्याचे मला कारण दिसत नाही, कारण तो सोयीपुरता आहे. ज्याला वारंवार लिहावे लागते त्याचे नाव हाताशी असावे, इतकाच त्याचा मतलब. आपल्याकडे लग्नघरी आहेराची वही ठेवण्याची वहिवाट आहे. कोणी पातेले दिले, कोणी पाकिटात किती घातले, हे तीत बारकाईने लिहिलेले असते, पुढे त्यांच्या घरी कार्य निघाले म्हणजे ती वही ट्रंकेच्या तळातून काढून आपला हात किती सैल सोडावा ते ठरवतात, आणि सर्वांच्या घरी अशी वही असते हे सर्वांना ठाऊक असूनही कोणी तिचा उच्चार करीत नाही. ती मांडवाच्या दारी टांगावी असे मात्र कोणत्याही शहाण्या यजमानाला आजवर सुचले नाही. स्नॅपचॅटला सुचले.

या कल्पनेची पूर्वपीठिका थोडी सांगितली पाहिजे, नाहीतर सारा ठपका एकाच कंपनीवर यावयाचा. टेलिफोनवर एकेका बटणाला एकेक क्रमांक बांधून ठेवण्याची सोय आली तेव्हाच, मैत्रिणीच्या यंत्रावर आपण कितव्या बटणावर आहोत ही काळजी जन्माला आली होती. 1997 साली 'साइनफेल्ड' या अमेरिकन मालिकेने तीवर एक अख्खा प्रवेश रचला. पुढे 2003 साली निघालेल्या मायस्पेसवर आपल्या पानावर आठ मित्र क्रमवार मांडावयाचे असत, आणि त्या आठांत कोणाला घ्यावे, कोणाला खाली ढकलावे, यावरून तरुण मंडळींत होणाऱ्या रुसव्याफुगव्यांचे वर्णन दाना बॉइड यांनी 2006 सालच्या आपल्या लेखात केले आहे. आपल्याकडच्या ज्या पिढीने 2004 साली आलेल्या ऑर्कुटवर आपली उमेदवारी केली, तिला तेथील ओळखीच्या पायऱ्याही आठवत असतील : न भेटलेला, परिचित, मित्र, चांगला मित्र, जिवलग. परंतु मायस्पेस काय किंवा ऑर्कुट काय, तेथे क्रम लावणारा हात माणसाचाच होता; भीड, मुर्वत, भांडण मिटवण्याची घाई, नाटकीपणा, हे सारे त्या हातात असे, आणि रागावलेल्याची समजूत काढण्यासाठी त्याला दोन जागा वर सरकवताही येत असे.

2011 साली निघालेल्या स्नॅपचॅटने हा हात बाजूस सारला. तेथे जिवलगांची यादी यंत्र ठरवी, ती देवघेवीच्या संख्येवरून ठरवी, आणि आरंभीच्या वर्षांत कोणाच्याही नावावर बोट ठेवले की त्याचे अव्वल जिवलग कोण ते पाहणाऱ्याला दिसे. किती प्रणयांची व किती वर्गमैत्रीची वाट या एका सोयीने लागली असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. जानेवारी 2015 मध्ये ती बंद झाली, वापरणाऱ्यांनी ओरड केली, आणि एप्रिलमध्ये तिच्या जागी नावापुढील चिन्हे आली : दोघेही एकमेकांचे प्रथम क्रमांकाचे असतील तर पिवळे बदाम, तसेच दोन आठवडे राहिले तर लाल, दोन महिने टिकले तर गुलाबी जोडबदाम. आता हे फक्त त्या दोघांनाच दिसे, ही सुधारणा खरी. परंतु त्याच चिन्हांत एक तिरके हसणारे तोंडही होते, आणि त्याचा अर्थ असा की, तुम्ही या व्यक्तीच्या जिवलगांत आहात, पण ती तुमच्या जिवलगांत नाही. ते पुढे काढून टाकण्यात आले.

माझ्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म त्या तिरक्या हास्यात आहे. स्नेह हा बहुधा विषमच असतो. ज्याला मी माझा पहिला मित्र समजतो त्याच्या मनात माझे स्थान चौथे असावे, आणि ज्याचे पहिले स्थान मी भूषवतो त्याची मला आठवड्यातून एकदाही आठवण होऊ नये, ही लबाडी नव्हे, माणसांच्या आयुष्यांची रुंदीच निरनिराळी असते : दहा घरी उठबस असणाऱ्या उमद्या माणसाच्या दिवसात ज्याला पाव हिस्सा मिळतो, त्या एकलकोंड्याच्या लेखी तोच पाव हिस्सा सर्वस्व होऊन बसतो. हे अंतर दोघांनाही अंधुकपणे ठाऊक असते आणि दोघेही ते बोलून दाखवीत नाहीत. पत्राच्या शेवटी दोघेही 'तुझाच' म्हणून सही करतात. या न बोलण्यावर जगातील पुष्कळशी मैत्री सुखाने नांदते. यंत्राला यातले काही कळत नाही, आणि ते न कळण्याबद्दल माझी तक्रारही नाही. तक्रार आहे ती त्याला बोलावयास लावणाऱ्यांविषयी.

कारण ते पुनः बोलते झाले, आणि या खेपेस दाम मोजून. जून 2022 मध्ये स्नॅपचॅटने वर्गणीदारांसाठी निराळी श्रेणी काढली, अमेरिकेत महिना 3.99 डॉलर आणि त्याच वर्षी भारतात 49 रुपये, आणि तीत ग्रहमालेचा देखावा ठेवला : तुमचा मित्र हा सूर्य, आणि त्याच्या आठ निकटवर्तीयांत तुमचा क्रमांक ज्या ग्रहाचा तो ग्रह तुम्ही. बुध म्हणजे पहिला, शुक्र दुसरा, असे करीत नेपच्यून आठवा. (पत्रिकेत शनी कोठे आहे हे पाहण्यात ज्या समाजाने पिढ्या घालवल्या, त्यातील एखाद्या कॉलेजकुमाराला आपण मैत्रिणीच्या सहाव्या घरी शनी होऊन बसलो आहोत हे कळावे, यातील विनोद कॅलिफोर्नियाच्या त्या अभियंत्यांना अर्थातच ठाऊक नसावा.) लक्षात घेण्याजोगे असे की, वर्गणीदाराला येथे विकले जात होते ते स्वतःच्या खात्याचे ज्ञान नव्हे, ते त्याला आयते होतेच, दुसऱ्याच्या खात्यात आपली किंमत काय लागली आहे, एवढेच काय ते विक्रीस होते. मार्च 2024 च्या अखेरीस 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने या देखाव्यामुळे अल्पवयीन मुलांच्या जिवाला लागणाऱ्या घोराविषयी वृत्तांत छापला, आणि थोड्याच दिवसांत कंपनीने फेरफार जाहीर केला : देखावा रद्द झाला नाही, पण जो वर्गणीदार तो हात लावून सुरू करील त्यालाच यापुढे तो दिसावा, अशी तजवीज झाली.

याच्या उलट इन्स्टाग्रामने 30 नोव्हेंबर 2018 रोजी आणलेली निकट मित्रांची यादी मला फार सभ्य वाटते. ती माणूस स्वतः करतो, तीत क्रम नाही, घेतल्याची वा काढल्याची वर्दी कोणाला जात नाही. जो आत आहे त्याला चित्राभोवती हिरवे वर्तुळ दिसते, आणि जो बाहेर आहे त्याला आपण बाहेर आहोत हे कळण्याचा मार्गच ठेवलेला नाही.

माणसांच्या ओढीचा नकाशा काढून त्यात एकतर्फी ओढ निराळी दाखवण्याची ही विद्या संगणकाच्या पुष्कळ आधीची आहे. न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील मुलींच्या शाळेत जेकब मोरेनो याने, कोणत्या मुलीला कोणाच्या संगतीत राहावेसे वाटते हे विचारून, तसे नकाशे प्रत्यक्ष कागदावर रेखाटले, आणि 1934 साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्या शाळेतून मुली एकापाठोपाठ एक पळून का गेल्या याचा उलगडा त्याने त्या रेघांवरून कसा केला, ते पुढील लेखांकात.