पाळण्यांतले पाय आणि बर्फावरचे पाय

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात असें आपण सहज म्हणून जातों. पण ते पाहून तेथल्या तेथें लक्षावधि डॉलरांचा सौदा करण्याचा प्रसंग आपणांपैकीं कोणावर येत नाहीं. उत्तर अमेरिकेंत मात्र ही एक विद्याच होऊन बसली आहे. तेथील बर्फावरच्या हॉकीचे धंदेवाईक संघ दरवर्षीं अठरा वर्षांच्या आगेमागें असलेल्या शेंकडों मुलांचे पाय, हात, उंची, दम आणि स्वभाव तपासतात, आणि यांतला कोण पंचविसाव्या वर्षीं नांवाजलेला खेळाडू होईल याचें भाकीत करतात. भाकीत साधलें तर संघाला वीस वर्षें पुरतें. फसलें तर दहा वर्षें डोकें वर निघत नाहीं.

खेळाची ओळख थोडक्यांत करून देतों. २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद अशा बर्फाच्या अंगणांत, पोलादी पात्यांचे बूट घातलेले दोन्ही बाजूंचे सहा सहा गडी, चेंडूच्या ऐवजीं कठीण रबराची एक चपटी चकती काठीनें हाकीत असतात. वेग इतका कीं, नवख्याला चकती दिसतच नाहीं. अंगावर धडकून प्रतिपक्षाला पाडणें येथें नियमांत बसतें. या खेळाच्या 'नॅशनल हॉकी लीग' या संस्थेंत आज ३२ संघ आहेत. पैकीं सात कॅनडांतले, बाकीचे अमेरिकेंतले. नवीन मुलें वांटून घेण्यासाठीं १९६३ पासून दरवर्षीं एक निवडसभा भरते, तिला 'ड्राफ्ट' म्हणतात. तींत संघ एकामागून एक आपापल्या पाळीला एकेका मुलाचें नांव उच्चारतात. तळाशीं राहिलेल्या संघांना पहिल्या पाळ्या मिळतात. अगदीं पहिली कोणाची, हें त्यांच्यांत चिठ्ठ्या टाकून ठरतें. २००५ पासून सात फेऱ्या होतात. म्हणजे हल्लीं २२४ नांवें. पूर्वीं फेऱ्या अधिक असत.

नांवें सुचविणाऱ्या माणसांना तेथें 'स्काउट' म्हणतात. आपण त्यांना पारखी म्हणूं. हे लोक वर्षाचे आठ महिने थंडीवाऱ्यांत गांवोगांव हिंडून कुमारांचे सामने पाहतात. मुलाचें बर्फावर सरकणें कसें आहे, चकती काठीशीं किती वेळ राहते, धक्का बसल्यावर उठून तो पुनः त्याच जागीं जातो कीं कडेकडेनें फिरतो, आणि चकती नसतांना त्याचे डोळे कोठें असतात, या त्यांच्या कसोट्या. शेवटची सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत अवघड. कारण गोल मोजतां येतात, नजर मोजतां येत नाहीं. गोलांचें मोजमापही फसवें असतें. कॅनडांतल्या कुमारांविरुद्ध केलेले चाळीस गोल आणि स्वीडनमध्यें तीस वर्षांच्या दणकट पुरुषांविरुद्ध केलेले दहा, यांची बेरीज एका पाटीवर मांडतां येत नाहीं.

मीं पस्तीस वर्षें वर्गांत मुलें पाहिलीं. शब्दरूपावली धडाधड म्हणणारा मुलगा पहिल्या सहामाहींत सर्वांच्या पुढें असतो. समास कां सुटतो हें ज्याला कळतें तो पुष्कळदां मागच्या बांकावर असतो, आणि त्याचें मोठेपण तिसऱ्या वर्षीं दिसूं लागतें. घरांत पाहावें तर एकाच पंक्तीला जेवून वाढलेल्या चुलत भावांत एक तेराव्या वर्षीं दारापर्यंत उंच होतो, दुसरा सतरापर्यंत चण धरीत नाहीं. बर्फावरच्या पारख्यांची पहिली अडचण हीच आहे.

तिकडे मुलांचे वयोगट १ जानेवारीपासून पाडतात. जानेवारींत जन्मलेला आणि त्याच सालच्या डिसेंबरांत जन्मलेला हे एकाच गटांत खेळतात. दहाव्या वर्षीं अकरा महिन्यांचें अंतर म्हणजे केवढें! थोरला आडदांड दिसतो, म्हणून त्याला चांगला शिक्षक मिळतो, अधिक सामने मिळतात, आणि पुढें तो खरोखरच सरस होतो. कॅनडांतले मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनीं १९८५ च्या सुमारास ही गोष्ट आंकड्यांनीं दाखविली. पुढें २०१३ सालीं डीनर, लोवेन व कोब्ली या तिघांनीं १९८० पासून २००७ पर्यंतच्या निवडसभा तपासल्या. वर्षाच्या उत्तरार्धांत जन्मलेल्या मुलांची किंमत संघांनीं सतत कमी केली होती, असें त्यांना आढळलें. सारख्याच क्रमांकावर निवडलेल्यांत वयानें धाकटे असलेले गडी चारशें सामने किंवा दोनशें गुण असा टप्पा गांठण्याचा संभव जवळजवळ दुप्पट होता. म्हणजे वर्षानुवर्षें पारखी ज्याला गुण समजत होते, तो कित्येकदां नुसता वाढदिवस होता.

वाढदिवसावरून एक गंमत सांगण्यासारखी आहे. निवडीस पात्र होण्यासाठीं मुलाला १५ सप्टेंबरपर्यंत अठरा वर्षें पुरीं व्हावीं लागतात. रशियाचा अलेक्झांडर ओव्हेच्किन जन्मला १७ सप्टेंबर १९८५ रोजीं, म्हणजे २००३ च्या सभेला दोन दिवस कमी पडले. फ्लोरिडा संघानें त्या सभेच्या शेवटच्या फेरींत त्याचें नांव घेण्याचा प्रयत्न केला, आणि युक्तिवाद असा कीं, मध्यें आलेल्या लीप वर्षांचे जादा दिवस हिशेबांत धरले तर मुलगा वयांत येतो! अधिकमास धरून वय वाढविण्याची ही युक्ति संस्थेनें मानली नाहीं. पुढच्या वर्षीं तो पहिल्याच क्रमांकावर वॉशिंग्टनकडे गेला, आणि २०२५ सालीं त्यानें वेन ग्रेट्झ्कीचा ८९४ गोलांचा विक्रम मोडला.

या विद्येंत ज्या घराण्याचें नांव सर्वाधिक निघतें, तें डेट्रॉइटच्या 'रेड विंग्ज' संघाचें. १९८९ च्या सभेंत या संघानें तिसऱ्या फेरींत, ५३ व्या क्रमांकावर, स्वीडनचा निक्लास लिडस्ट्रॉम घेतला. चौथ्या फेरींत, ७४ व्या क्रमांकावर, सर्गेई फेडोरोव्ह. आणि अकराव्या फेरींत, २२१ व्या क्रमांकावर, व्लादिमीर कॉन्स्टान्टिनोव्ह. लिडस्ट्रॉम वीस हंगाम खेळला, चार वेळां स्टॅन्ले चषक जिंकणाऱ्या संघांत होता, आणि उत्कृष्ट बचावपटूचें पारितोषिक त्याला सात वेळां मिळालें. फेडोरोव्ह १९९४ सालीं संस्थेचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. कॉन्स्टान्टिनोव्हची कारकीर्द मात्र १९९७ मध्यें, चषक जिंकल्यानंतर अवघ्या सहा दिवसांनीं, मोटारीच्या भीषण अपघातांत संपली. पुढें १९९८ सालीं पावेल डाट्स्यूक १७१ व्या क्रमांकावर आणि १९९९ सालीं हेन्रिक झेटरबर्ग २१० व्या क्रमांकावर याच संघाला मिळाले. २००८ च्या चषकाचे हे दोघे आधारस्तंभ.

या यादीवरून डेट्रॉइटच्या पारख्यांना दिव्य दृष्टि होती असें म्हणण्याची तिकडे प्रथा आहे. मला तें पटत नाहीं. डाट्स्यूकची खरी किंमत त्यांना कळली असती, तर १७० मुलें दुसऱ्यांना उचलूं देऊन ते स्वस्थ बसते काय? त्यांचें खरें कौशल्य निराळें होतें. इतर जेथें जात नव्हते तेथें ते गेले. १९८९ सालीं सोव्हिएट खेळाडूंना मायदेश सोडतां येईल कीं नाहीं याची खात्री नव्हती, म्हणून इतर संघ त्यांच्यावर वरची पाळी खर्चण्यास कचरत. डेट्रॉइटनें तो धोका पत्करला, आणि १९९० च्या उन्हाळ्यांत फेडोरोव्ह पोर्टलंडमधल्या आपल्या सोव्हिएट चमूंतून निसटून डेट्रॉइटला आला. डाट्स्यूकची कथा अशीच. युरोपांतले त्यांचे पारखी हाकन अँडरसन रशियांत भलत्याच एका मुलाला पाहावयास गेले होते, तेथें त्यांची दृष्टि या किरकोळ अंगाच्या गड्यावर पडली. त्यापूर्वीं दोन निवडसभांत कोणीही त्याचें नांव घेतलें नव्हतें. पुढें सर्वच संघांचे पारखी युरोपच्या कानाकोपऱ्यांत हिंडूं लागले, आणि डेट्रॉइटची ती दिव्य दृष्टि हळूहळू मंदावली. हा योगायोग नव्हे.

दुसरी गोष्ट संगोपनाची. केन हॉलंड हे १९९७ पासून २०१९ पर्यंत या संघाचे कारभारी होते. मुलगा तयार झाला कीं लगेच वर न आणतां आणखी थोडा पिकूं द्यावा, असा त्यांच्या कारकीर्दींतला रिवाज होता. आढींतला आंबा रोज दाबून पाहणाऱ्या मुलांना घरांतलीं वडील माणसें कां ओरडतात, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा रिवाज समजावून सांगावयास नको. डेट्रॉइटची आढी म्हणजे ग्रँड रॅपिड्सचा दुय्यम संघ. २००८ सालीं १२१ व्या क्रमांकावर घेतलेला गुस्ताव्ह नाइक्विस्ट या संघांत मुरला, २०१३ सालीं तेथें चषक जिंकला, आणि पुढच्या हंगामांत वर येऊन ५७ सामन्यांत त्यानें २८ गोल केले.

पण संगोपनानें सगळें साधतें असेंही नाहीं. २०१८ सालीं डेट्रॉइटची पाळी सहावी होती. झेक मुलगा फिलिप झाडीना याहून वरच जाईल असा सर्वांचा होरा. कॅनडांतल्या कुमारसंघांत त्यानें ५७ सामन्यांत ४४ गोल केले होते. तो हातीं लागला म्हणून डेट्रॉइटमध्यें आनंद झाला. त्याच्या पाठोपाठ सातव्या पाळीला व्हँकूव्हरनें क्विन ह्यूजला घेतलें. ह्यूज ठेंगणा, बचावाला अपुरा पडेल अशी शंका. आणि गंमत अशी कीं, तो खेळत होता मिशिगन विद्यापीठांत, डेट्रॉइटहून मोटारीनें तासाभराच्या आंत! काखेंत कळसा म्हणतात तो हाच. झाडीनाचे पांच हंगामांत तीस गोलही झाले नाहींत, आणि २०२३ सालीं उभयतांच्या संमतीनें करार संपला. ह्यूजला २०२४ सालीं उत्कृष्ट बचावपटूचें पारितोषिक मिळालें.

याच्या अगदीं उलट प्रकार २०१९ चा. त्या वर्षीं स्टीव्ह आयझरमन कारभारी झाले. हे स्वतः १९८३ सालीं चौथ्या क्रमांकावर याच संघांत आलेले, पुढें कप्तान झालेले. त्यांनीं सहाव्या पाळीला मोरिट्झ सायडर या जर्मन मुलाचें नांव घेतलें, तेव्हां सभागृहाइतकाच तो मुलगाही चकित झालेला चित्रफितींत दिसतो. छापील याद्यांत त्याचें नांव पुष्कळ खालीं होतें. पण तो जर्मनींत पुरुषांच्या संघांतून खेळून विजेतेपद मिळवून आला होता. याद्या करणाऱ्यांपेक्षां आयझरमननीं या गोष्टीला अधिक वजन दिलें. त्याला एक वर्ष ग्रँड रॅपिड्समध्यें आणि एक स्वीडनमध्यें ठेवलें, आणि २०२२ सालीं तो सर्वोत्तम नवोदित ठरला. तरी एकट्यादुकट्यानें घर उभें राहत नाहीं. १९९१ पासून २०१६ पर्यंत सलग पंचवीस वेळां चषकाच्या अंतिम स्पर्धेंत गेलेला हा संघ, त्यानंतर २०२५ च्या वसंतापर्यंत एकदांही तेथें पोचला नव्हता.

सर्वांत कठीण परीक्षा गोलरक्षकाची. २००० सालीं स्वीडनचे लुंडक्विस्ट हे जुळे भाऊ निवडले गेले. योएल ६८ वा, हेन्रिक २०५ वा. योएल अमेरिकेंत तीन हंगाम खेळून स्वदेशीं परतला. हेन्रिकनें न्यूयॉर्कचा गोल पंधरा हंगाम राखला. जुळ्यांचें भाकीत जेथें असें उलटतें, तेथें परक्यांचें काय सांगावें? तरीही २०२१ सालीं आयझरमननीं डॅलसशीं अदलाबदल करून २३ व्या पाळीवरून १५ वी मिळविली, ती सेबास्टियन कोसा या गोलरक्षकासाठीं. डॅलसनें त्या २३ व्या पाळीवर वायट जॉन्स्टन घेतला. तो एकोणिसाव्या वर्षीं वर येऊन पहिल्याच हंगामांत २४ गोल करून बसला. त्यावरून डेट्रॉइटचे लोक आयझरमनना बोल लावूं लागले. कोसा डिसेंबर २०२४ मध्यें प्रथम मुख्य संघाकडून खेळला. त्या वेळीं तो बावीस वर्षांचा होता. याच संघाचा पूर्वीचा गोलरक्षक जिमी हाउर्ड पंचवीस वर्षांचा होईपर्यंत ग्रँड रॅपिड्समध्येंच होता. त्यानंतर दहाएक वर्षें डेट्रॉइटचा गोल त्यानेंच राखला.