बाजरीचे वाळवण : खळ्यापासून कणगीपर्यंत

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहरास लागून असलेल्या भिंगारच्या भोवतालचा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. येथील पाऊस कमी व अनिश्चित असून त्याचा जोर बहुधा सप्टेंबर महिन्यात असतो. नेमकी याच सुमारास खरिपाची बाजरी सोंगणीस येते. जो पाऊस रब्बी ज्वारीच्या पेरणीस ओल देतो, तोच सोंगून पडलेल्या बाजरीस मारक ठरतो. म्हणून या भागात पीक घरात येणे हे जितके सोंगणीवर, तितकेच वाळवणावर अवलंबून असते.

ओल्या दाण्याचे काय होते ?

दाणा सजीव आहे व तो श्वसन करतो. कणसे मोडण्याच्या वेळी दाण्यात 20 टक्क्यांच्या आसपास ओलावा असू शकतो. अशी कणसे ढिगात दडपून ठेवली, तर श्वसनाची उष्णता आत कोंडते, ढीग तापतो, बुरशी वाढते व दाण्यास मोड येतात. असे बियाणे पुढील हंगामात उगवत नाही.

याहून मोठे भय विषाचे आहे. काही बुरशी धान्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करतात. 1974 साली राजस्थान व गुजरात यांच्या सीमाभागात अवकाळी पावसाने भिजलेला, बुरसलेला मका खाल्ल्याने यकृताच्या विकाराची साथ उद्भवली आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. धान्य धुतल्याने वा भाकरी भाजल्याने हे विष नाहीसे होत नाही. बुरसलेले धान्य म्हणूनच जनावरांसही घालू नये.

जुन्या रीतीचे मर्म

जुन्या रीतीत बाजरीस दोनदा ऊन मिळत असे. जमीन ठोकून, शेणाने सारवून खळे तयार करीत. मोडलेली कणसे त्यावर पातळ पसरीत व अधूनमधून हलवीत. कणसे खडखडीत वाळल्यावर मध्ये मेढ रोवून बैलांची पात फिरवीत आणि नंतर वावडीवर उभे राहून धान्य वाऱ्यावर उपणीत. हे पहिले वाळवण होय. रास झाल्यावर दाणे पुन्हा उन्हात देऊन मगच कणगी भरीत. हे दुसरे वाळवण होय.

या रीतीत वेळ पुष्कळ जाई. परंतु तो वेळच दाण्यातील ओल काढीत असे. आज मळणीयंत्रामुळे काही दिवसांचे काम काही तासांत उरकते. श्रम वाचतात हे खरे. मात्र पावसाच्या धास्तीने कणसे ओलसर असतानाच मळली, तर पहिले वाळवण हुकते व ओलसर दाणे थेट पोत्यात जातात. यंत्र दाणा मोकळा करते, वाळवीत नाही. यास्तव यंत्राने मळलेल्या बाजरीस दुसरे वाळवण अधिक काळजीने द्यावे.

वाळविताना घ्यावयाची काळजी

दाण्यांचा थर दोन ते पाच सेंटीमीटरांहून जाड नसावा व तो तासातासाने खालीवर करावा. वाळवण ताडपत्रीवर घालावे. नुसत्या मातीवर घातल्यास खालची ओल दाणा शोषून घेतो. सायंकाळी दव पडण्यापूर्वी धान्य गोळा करून झाकावे, अन्यथा दिवसा गेलेला ओलावा रात्री परत येतो. बियाण्याची बाजरी तापलेल्या पत्र्यावर कधीही वाळवू नये. अति उष्णतेने अंकुर मरतो.

साठवणीच्या बाजरीत 12 टक्क्यांहून अधिक ओलावा नसावा. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. दुसरी कसोटी मिठाची आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत तिसऱ्या हिश्शापर्यंत धान्य व चमचाभर कोरडे मीठ घालून मिनिटभर हलवावे. मीठ काचेस चिकटल्यास ओलावा 15 टक्क्यांहून अधिक आहे असे समजावे. मीठ न चिकटले तरीही आणखी एक-दोन दिवस कडक ऊन द्यावे. कारण 15 टक्के ही सुरक्षित साठवणीची मर्यादा नव्हे.

वाळलेले धान्य सावलीत निववून मगच कणगीत किंवा कोठीत भरावे. गरम धान्य भरल्यास आत पाणी सुटते. कोठी भिंतीपासून दूर व जमिनीपासून उंच ठेवावी. वर्षाची भाकरी आणि पुढील पेरणीचे बी ही दोन्ही या चार-दोन दिवसांच्या उन्हावर अवलंबून असतात. तेव्हा त्यात घाई करू नये.